कोविडमधले लोक बेशिस्त होते का? थोडं सविस्तर उत्तर

विचारलंय ते असं, की कोविडच्या दोन वर्षांत आपल्याकडचे लोक मास्क हनुवटीवर ठेवून फिरत होते, टेस्ट टाळत होते, सुरुवातीला रोजचा आकडा ऐकून हादरत होते आणि नंतर त्या आकड्याकडे बघेनासे झाले, तर आपले लोकच बेशिस्त आहेत का, पुन्हा अशी साथ आली तर त्यांनी ऐकावं म्हणून काय करायचं, आणि आपण घरापुरतं काय करायचं.

मी साथरोगांचं काम बरीच वर्षं करते, कोविडमध्ये पुण्यात पेठांच्या भागात घरोघरच्या सर्व्हेचं आणि कॉन्टॅक्ट ट्रेसिंगचं काम बघत होते, त्यामुळे "लोक बेशिस्त आहेत" हे वाक्य मीटिंगांमध्ये इतक्या वेळा कानावर पडलंय की आता कोणी म्हटलं की मी लगेच विचारते, कोणते लोक, कोणता नियम, आणि तो पाळण्यात त्यांचं नुकसान किती होतं? कारण माझ्या अनुभवात सगळं घोडं तिथेच अडतं. नियम पाळायचा खर्च ज्याच्या खिशातून जातो तो पळवाट शोधतोच, आणि पळवाट म्हणजे काय तर टेस्ट टाळणं, संपर्कातली नावं लपवणं, दुखणं अंगावर काढणं, आणि मग आपल्या हातात जो आकडा येतो तोही तितकाच अर्धवट येतो. त्यामुळे निर्बंध, मास्क आणि आकडे हे तीन वेगळे विषय आहेत असं मला वाटत नाही, एकच विषय आहे.

महाराष्ट्रातली पहिली केस ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडली, दुबईहून आलेलं जोडपं, त्या दिवशी होळी होती. तेव्हा लोक खरंच मनापासून सहकार्य करत होते. बाहेरून आलेल्यांच्या हातावर मतदानाच्या शाईने होम क्वारंटाईनचा शिक्का मारायचे, २२ मार्चला लोकांनी थाळ्या वाजवल्या, लॉकडाऊनचे पहिले काही आठवडे रस्ते अक्षरशः ओस पडले. म्हणजे भीती होती, माहिती होती, ऐकायची तयारीपण होती. मग बदललं काय? तर एप्रिल-मे मध्ये केसेस परदेशातून आलेल्यांच्या फ्लॅटमधून निघून भवानी पेठ, कसबा, ताडीवाला रोडच्या वस्त्यांमध्ये पोचल्या, जिथे दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात, संडास सार्वजनिक, आणि घरातला कमावता माणूस रोजंदारीवर. तिथे "घरात बसा" याचा अर्थच वेगळा होता.

कॉन्टॅक्ट ट्रेसिंगचा फोन कसा असायचा ते सांगते. पेशंटला विचारायचं, गेल्या काही दिवसांत कोणाबरोबर १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ, जवळ बसून, मास्क नसताना होतात? ते झाले हाय रिस्क. एक टेम्पोवाला दादा होता, ठणठणीत बोलत होता, मालाची ने-आण कुठे केली ते तारखेनिशी सांगितलं, गाडीत डिझेल कुठे भरलं तेही सांगितलं, पण जेवायला कोणाबरोबर बसलात म्हटलं की "एकटाच बसलो". चहा? "एकटाच प्यायलो". शेवटी मी म्हटलं, दादा, टेम्पोवर हमाल तरी असेल ना. तेव्हा म्हणाला, "मॅडम, त्याचं नाव दिलं तर उद्या गाडी येऊन त्याला घेऊन जाईल, चौदा दिवस त्याच्या घरी चूल कोण पेटवणार ते सांगा, मग नाव देतो." आता या माणसाला आजार कळला नव्हता का? पूर्ण कळला होता. त्याने सरळ हिशोब मांडला होता आणि त्याच्या हिशोबाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण रेशनचं किट मिळेल एवढंच मी सांगू शकत होते आणि बुडालेल्या मजुरीबद्दल कोणत्याच आदेशात एक ओळ नव्हती.

त्यात पत्रे. एक पेशंट सापडला की गल्लीच्या तोंडाला पत्रे आणि बांबू ठोकायचे, पुढे पुढे फक्त बिल्डिंग, मग फक्त मजला सील व्हायला लागला, पण सुरुवातीच्या महिन्यांत अख्खी गल्ली बंद. म्हणजे एकाने टेस्ट केली की शंभर जणांचा धंदा बंद, आणि ते शंभर जण त्या एकाकडे कसे बघणार? पेशंटांची नावं व्हॉट्सॲपवर फिरायची. मला बायका विचारायच्या, "ताई, रिपोर्ट आला तर ॲम्ब्युलन्स गल्लीत येईल का? कोपऱ्यावर नाही का थांबवता येणार?" आजाराच्या आधी हा प्रश्न. पुढे सौम्य लक्षणं असलेल्यांना घरीच राहायची परवानगी मिळाली तेव्हा आमच्याकडे आपणहून टेस्टला येणारे वाढले, हे मी समोर पाहिलंय, आणि त्यासाठी कोणाला वेगळं समजावून सांगावं लागलं नव्हतं.

हे काही २०२० मध्ये पहिल्यांदा झालं असंही नाही, पुण्याला तर हे चांगलंच माहीत असायला हवं. ज्या कायद्याखाली मार्च २०२० मध्ये हे सगळे आदेश निघाले तो साथरोग कायदा १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. मुंबईत मांडवीला १८९६ मध्ये डॉ. आकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तो पुण्यात पोचला आणि रँडच्या प्लेग कमिटीने गोरे सोल्जर घराघरात घुसवले, माजघर, देवघर काही बघितलं नाही, पेशंट उचलून नेले, घरच्यांना वेगळ्या छावण्यांत टाकलं, सामान जाळलं. लोकांनी काय केलं? पेशंट लपवले. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत रँडवर चापेकरांनी गोळी झाडली तो भाग सगळ्यांना शाळेत शिकवतात, पण पेशंट लपवले गेल्यामुळे साथीचा अंदाजच येईना, हा भाग कोणी शिकवत नाही, आणि आमच्या कामाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव लोकांना दवाखान्यात आणून सेवा करत होते, सावित्रीबाई त्यातच १० मार्च १८९७ ला गेल्या. म्हणजे साथ तीच, शहर तेच, आणि पेशंटाला घरातून बाहेर काढून उपचाराला न्यायचं हे कामही दोन्हीकडे तेच, तरी एकाला लोक घाबरून दार लावत होते आणि दुसऱ्याच्या पाठीवर बसून जात होते.

धारावीचं उदाहरण सगळे देतात म्हणून तेही नीट बघू. १ एप्रिल २०२० ला तिथे पहिली केस, अडीच चौरस किलोमीटरच्या आसपास जागा आणि आठ-साडेआठ लाख माणसं, बहुतेकांचा संडास सार्वजनिक. तिथे घरात वेगळं राहा म्हणणं शक्यच नव्हतं, म्हणून शाळा, हॉल ताब्यात घेऊन क्वारंटाईन सेंटर केली, पण तिथे जेवण, डॉक्टर, औषध मिळत होतं आणि वस्तीतले खाजगी डॉक्टर, ज्यांच्याकडे लोक वर्षानुवर्षं जातात, त्यांना बरोबर घेतलं होतं. अनोळखी पीपीई किट घातलेला माणूस दारात आला तर लोक कडी लावतात, आपला नेहमीचा डॉक्टर आला तर जीभ दाखवतात. अर्थात सगळं श्रेय व्यवस्थापनाला देता येत नाही, जुलै २०२० च्या मुंबईतल्या सिरो सर्व्हेत (लागण होऊन गेली का ते रक्तातल्या अँटीबॉडीवरून बघायचा सर्व्हे) तीन वॉर्डांच्या झोपडपट्ट्यांमध्ये ५७ टक्के लोकांमध्ये अँटीबॉडी सापडल्या आणि बिगर झोपडपट्टीत १६ टक्के, म्हणजे दाट वस्त्यांमध्ये विषाणू आधीच फिरून गेला होता. पुण्यातही त्याच सुमारास पाच प्रभागांत ५१.५ टक्के आले. तोपर्यंत वस्तीतले लोक आम्हाला सांगत होतेच, "मॅडम आमच्या चाळीत सगळ्यांना ताप येऊन गेला", आणि आम्ही त्यांना आमचा अधिकृत आकडा दाखवत होतो जो त्याच्या कितीतरी खाली होता. त्यांचं निरीक्षण बरोबर होतं.

आता मास्क. मुंबईत ८ एप्रिल २०२० पासून सक्ती, पुण्यात आणि बाकी ठिकाणीही त्याच दिवसांत. पण त्याच्या आधी काही आठवडे सगळीकडे सांगितलं जात होतं की निरोगी माणसाला मास्कची गरज नाही, जागतिक आरोग्य संघटनेनेही सरसकट लोकांसाठी कापडी मास्कची शिफारस ५ जूनला केली. माहिती बदलते, नव्या आजारात ती बदलणारच, पण का बदलली हे कोणी शांतपणे सांगितलं नाही, दंडाची पावती मात्र लगेच छापून आली. दंडामुळे लोकांनी मास्क कोणासाठी लावायचा ते ठरवून टाकलं, पोलिसासाठी. चौक आला की वर, चौक गेला की खाली.

मी बाजारात, दवाखान्यात, बसस्टॉपवर हे मुद्दाम बघायचे. लोक मास्क खाली कधी करतात? बोलताना. भाजीवाली भाव सांगताना खाली करते, कारण गिऱ्हाईकाला ऐकू जात नाही, फोन आला की खाली, चष्म्यावर वाफ आली की खाली. आणि ओळखीचं माणूस भेटलं की तर हमखास खाली, कारण ओळखीच्या माणसासमोर तोंड झाकून बोलणं उद्धटपणाचं वाटतं, आणि मनात कुठेतरी असं असतं की आपल्या माणसाकडून काय होणार आहे. रस्त्यावरून चाललेल्या परक्या माणसासाठी नाकापर्यंत मास्क आणि ऑफिसात डबा खाताना चौघं जण एसी लावून गोल करून बसलेली. लागण कुठून होत होती? जास्त करून डब्यातून, घरातून, लग्नातून, बंद खोलीतून. मोकळ्या रस्त्यावर एकट्याने चाललेल्या माणसाकडून दंड घेण्यात जी ताकद गेली ती बंद हॉल आणि बंद ऑफिसांच्या खिडक्या उघडायला लावली असती तर साथीला जास्त फरक पडला असता असं माझं स्पष्ट मत आहे. भाज्या सोड्यात धुणं, पाकिटं सॅनिटाइझ करणं यातही बायकांचे तासन्‌तास गेले, त्याऐवजी खिडकी उघडा हे एक वाक्य रोज सांगायला हवं होतं.

कापडाबद्दलपण. घामाच्या दिवसात, मुंबईच्या दमट हवेत, तोच एक कापडी मास्क आठ तास घालून हमाली करून बघा, गुदमरतं, ओला होतो, मग खाली येतो. व्हॉल्व्हवाले एन ९५ लोक हौसेने घ्यायचे कारण श्वास सोपा जातो, आणि जुलै २०२० मध्ये केंद्रालाच पत्र काढावं लागलं की हे नको, यातून बाहेर सोडलेली हवा गाळली जात नाही. चांगला मास्क मोफत वाटणं आणि दंड लावणं यात पहिलं काम आधी व्हायला हवं होतं.

आणि सगळीकडे लोक नियमाच्या विरोधातच होते असं अजिबात नाही, उलट कितीतरी ठिकाणी लोकांनी सरकारच्या चार पावलं पुढे जाऊन बंदी घातली. गावांनी वेशीवर काटेरी फांद्या टाकल्या, सोसायट्यांनी घरकामाच्या ताईंना, पेपरवाल्याला गेटवरच अडवलं आणि सोसायटीतले साहेब मात्र मित्रांकडे जाऊन येत होते, नर्स भाड्याने राहत असेल तर तिला खोली सोडायला सांगितली. २०२० च्या गणपतीत कोकणात चाकरमान्यांवरून जे झालं ते आठवत असेल, चतुर्थी २२ ऑगस्टला होती, गावात आलं की क्वारंटाईन आधी १४ दिवस मग १० दिवस, आणि मुंबईतल्या माणसाच्या रजेचं गणित त्यात बसेचना. गावाची भीती खरी होती, घरात म्हातारी माणसं, जवळ मोठं हॉस्पिटल नाही. चाकरमान्याचं दुःखही खरं होतं, घर त्याचं, गणपती त्याचा. जिथे ग्राम कृती दलाने, म्हणजे साथीसाठी केलेल्या गावच्या समितीने, आधीच बोलून शाळा झाडून, पाणी-लाईटची सोय करून ठेवली तिथे गोष्टी निभावल्या. वारीचंही तेच, ३० जून २०२० ला पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वारकऱ्यांनी ते स्वीकारलं, कारण पादुका पोचणार होत्या, परंपरा तुटणार नव्हती, आणि निर्णय त्यांच्याशी बोलून झाला होता.

व्यापाऱ्यांची ओरड तेव्हा बऱ्याच जणांना स्वार्थी वाटली, पण २०२१ च्या उन्हाळ्यानंतर दुकानं चार वाजेपर्यंतच, हे जे होतं त्यावर त्यांचा मुद्दा असा की वेळ कमी केला की तीच गर्दी कमी तासांत कोंबली जाते. बरोबरच आहे ते. त्याच वर्षी मार्चमध्ये नाशिकला बाजारात जायला तासाला ५ रुपयांची पावती होती, हेतू गर्दी कमी करायचा, पण लोकांनी त्याचा अर्थ "आता याचेपण पैसे घेतात" असा काढला आणि आमच्यासारख्यांचं काम थोडं आणखी अवघड झालं.

आकड्यांकडे येते. संध्याकाळी आकडा आला की ग्रुपवर फॉरवर्ड, आज इतके वाढले. पण नुसत्या केसेस सांगणं म्हणजे धावा सांगायच्या आणि ओव्हर किती झाल्या ते सांगायचंच नाही. टेस्ट किती केल्या, त्यातले शंभरात किती पॉझिटिव्ह, ऑक्सिजनचे बेड किती भरले हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. रविवारी टेस्ट कमी व्हायच्या म्हणून सोमवारी आकडा उतरलेला दिसायचा, लोक सुटकेचा श्वास टाकायचे, बुधवारी परत चढला की म्हणायचे काहीतरी घोळ आहे. १६ जून २०२० ला राज्याने आधीचे राहिलेले १,३२८ मृत्यू एकदम यादीत मिळवले, त्यातले ८६२ मुंबईतले, तेव्हा तर "बघा, लपवले होते" असंच सगळे म्हणाले. हॉस्पिटलांचे रिपोर्ट उशिरा येतात, नोंदी तपासून जुळवाव्या लागतात, हे लोकांना आधीपासून सांगत राहिलो असतो तर त्याच दिवसाकडे लोकांनी सरकार चूक दुरुस्त करतंय असं बघितलं असतं.

आणि ती अफवा, एका पेशंटमागे दीड लाख मिळतात. मला दारात उभं राहून लोकांनी तोंडावर विचारलंय, "तुमचा वाटा किती?" आशाताई रडकुंडीला यायच्या, बिचाऱ्या तुटपुंज्या मानधनावर उन्हात ऑक्सिमीटर आणि थर्मल गन घेऊन फिरत होत्या. पण अफवा कुठून वाढते ते बघा. माणसाला काहीही होत नाही, खातोय पितोय, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह, हे त्याला कसं पटणार? लक्षणं नसतानाही विषाणू नाकात असतो हे त्याला कोणी दोन मिनिटं बसून सांगितलेलं नाही. दुसरीकडे शेजारचा माणूस खाजगी हॉस्पिटलात लाखोंचं बिल भरून आलेला. मग पैशाचा संशय येणारच. मी आमच्या टीमला सांगायचे, चिडू नका, खिशातून आपली मानधनाची पावती काढून दाखवा आणि मग नाकातल्या विषाणूबद्दल बोला. उपयोग व्हायचा.

लोक आकड्याकडे बघेनासे झाले ते नेमकं कधी? २०२० च्या दिवाळीनंतर, केसेस खरंच उतरल्या होत्या. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत वाढायला लागल्या, तिकडे लॉकडाऊन लागला, आणि बाकी महाराष्ट्र लग्नसराईत. १८ एप्रिल २०२१ ला राज्यात एका दिवसात ६८,६३१. त्या महिन्यात मात्र कोणाला मास्क लाव म्हणून सांगावं लागलं नाही, कारण आकडा आता टीव्हीवर नव्हता, घरात होता, बेडसाठी फोन फिरत होते, आणि नमस्कार-चमत्काराच्या आधी लोक विचारत होते, स्कोअर किती? एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचा, पंचवीसपैकी. कित्येकांनी स्वॅब न देता सरळ सीटी केला, म्हणजे ते आकड्यात आलेच नाहीत.

नंतर ओमायक्रॉन. ७ जानेवारी २०२२ ला मुंबईत २०,९७१ केसेस, एप्रिल २०२१ मधला मुंबईचा उच्चांक ११ हजारांच्या घरात होता, म्हणजे जवळपास दुप्पट, आणि तरी लोक कामावर जात होते. काहींना तो निष्काळजीपणा वाटला. मला नाही वाटला. लस झाली होती, बेड रिकामे होते, घरी किट आणून टेस्ट करून लोक पाच-सात दिवस खोलीत बसत होते आणि कोणाला कळवतही नव्हते, म्हणजे खरा आकडा आणखी मोठा होता. लोकांनी केसेस सोडून हॉस्पिटलकडे बघायला सुरुवात केली होती, आम्हीही तेच बघत होतो. एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला राज्यातले निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला.

मग पुढच्या वेळी काय. माझ्या यादीत सगळ्यात वर पैसा आहे. ज्याला कामावर जाऊ नको सांगताय त्याची मजुरी पहिल्या दिवसापासून द्या, नावं आपोआप मिळतील. नावं आणि पत्ते बाहेर जाऊ देऊ नका, पत्रे ठोकू नका. निर्बंध लावतानाच तो कशावर उठेल ते जाहीर करा, जून २०२१ च्या पाच स्तरांमध्ये ते केलं होतं, पॉझिटिव्हिटी पाच टक्क्यांच्या खाली आणि ऑक्सिजन बेड पंचवीस टक्क्यांच्या आत आले की पहिला स्तर, कल्पना चांगली होती, फक्त जिल्ह्याचा स्तर कधी आणि का बदलला हे दुकानदाराला त्याच्या भाषेत कळायला हवं होतं. आकडा वॉर्डनिहाय द्या, टेस्टच्या संख्येसकट. मास्क बंद जागांसाठी ठेवा, मोकळ्या रस्त्यावरचा दंड विसरा. आणि वस्तीत जाताना तिथल्या डॉक्टरला, आशाताईला, गणेश मंडळाच्या पोरांना पुढे करा, त्यांना मानधन वेळेवर द्या, कारण दार त्यांच्यासाठी उघडतं.

शेवटी घरापुरतं विचारलं होतं म्हणून: आत्ताही सर्दी-खोकला-ताप असेल आणि घरात सत्तरीचं माणूस किंवा केमोवर असलेलं कोणी असेल तर दोन-चार दिवस मास्क लावा, नाकावर नीट बसणारा, व्हॉल्व्ह नसलेला. वेगळ्या खोलीत झोपा, जमत नसेल तर किमान रात्रभर खिडकी उघडी ठेवा, आणि जेवण एकत्र बसून करू नका. म्हाताऱ्या माणसाला धाप लागली किंवा ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली दिसायला लागलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटलला न्या.